छऱ्याच्या बंदुकीत जास्त तेल म्हणजे जास्त जोर?

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत फुगे फोडतात तसल्या जुन्या बंदुकीबद्दल एक सल्ला कायम फिरतो: जोर कमी झाला की शिलाई मशीनचं तेल भरपूर सोडा.

तेल लागतं, हे खरंच. पिस्टनवरचा, हवा अडवणारा चामडी वायसर आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाळून आकसतो, हवा निसटते. पण स्प्रिंग सुटली की पिस्टनपुढे कोंडलेली हवा दाबली जाऊन क्षणात तापते आणि शिलाई मशीनच्या पातळ खनिज तेलाची वाफ पेटते. एखाद-दोन बार जोरात जातात, म्हणून तर समज टिकलाय. मार मात्र स्प्रिंगला आणि वायसरला बसतो. ओळख सोपी: फटाक्यासारखा आवाज, नळीतून धूर, जळका वास.

रिकाम्या बंदुकीच्या हवेच्या छिद्रात सहज न पेटणाऱ्या सिलिकॉन तेलाचे दोन-तीन थेंब टाका, नळी वर करून रात्रभर उभी ठेवा. वायसर फाटलाच असेल तर बदलायचा.