‘जेन झी’ची रास कोणती?

गेल्या महिन्यात आमच्या कंपनीच्या टाऊनहॉलमध्ये एक स्लाइड झळकली. प्रश्न होता, ‘मॅनेजरशी मोकळेपणाने बोलता येतं का?’ चाळिशीपुढच्यांचा स्तंभ उंच नि हिरवा, पंचविशीच्या आतल्यांचा बुटका नि लाल. एचआरच्या बाईंचं निदान तयारच होतं: “जेन झी वेगळीच आहे!” आठवड्याभरात कॅन्टीनशेजारी बीनबॅग आल्या. माझ्या शेजारची फ्रेशर पुटपुटली, “सर, बीनबॅग नकोत, तो रात्री साडेनऊचा कॉल तेवढा बंद करायला सांगा.”

आता त्या दोन स्तंभांतला फरक कशामुळे? वयामुळे असेल: नवखा माणूस कुठल्याही काळात बिचकतोच. पिढीमुळे असेल. किंवा चालू काळामुळे. नोकरकपातीच्या बातम्या आल्या की सगळ्यांचाच सूर उतरतो. खरी मेख पुढे आहे. वय म्हणजे चालू साल वजा जन्मसाल. दोन ठरले की तिसरं आपोआप ठरतं.

समजा, वयामुळे वर्षाला ‘क’ गुण वाढतात, काळामुळे ‘ख’, आणि जन्मसाल एकाने पुढे गेलं की ‘ग’. एकाच साली थोरल्या-धाकट्यांची तुलना केली, तर दर वर्षामागे हाती लागतं क−ग. एकाच बॅचचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तर क+ख. दर साली फक्त पंचविशीतल्यांनाच विचारलं, तर ख+ग. तीन समीकरणं, तीन अज्ञात, सुटलं की! पण पहिल्यात तिसरं मिळवून बघा: दुसरंच येतं. म्हणजे खरी समीकरणं दोनच. सर्वेक्षणं शंभर घ्या, बाहेरून काही गृहीत धरल्याशिवाय क, ख, ग सुटे होत नाहीत. एकाच स्लाइडवरून ‘ग’ सांगणाऱ्याने तर ‘क’ शून्य धरलेला असतो, बहुधा नकळत.

२०१२ मध्ये संशोधक डेव्हिड कोस्टान्झा आणि सहकाऱ्यांनी २० अभ्यासांतली १९,९६१ माणसं एकत्र तपासली. नोकरीतलं समाधान, कंपनीशी बांधिलकी, सोडून जायचा विचार, यांत पिढ्यांमधला फरक मध्यम ते किरकोळ निघाला, पुष्कळदा शून्यच. आणि जेन झी १९९७ साली जन्मलेल्यांपासूनच का मोजायची? अमेरिकेतल्या प्यू या सर्वेक्षण संस्थेने ही रेघ ओढताना ११ सप्टेंबरचा हल्ला कोणाला आठवतो, हेही पाहिलं होतं. तीच रेघ हिंजवडीत लावायची, तर मग मेष-वृषभ काय वाईट? तिथे निदान बारा खाने तरी आहेत.

त्या स्लाइडवर आणखी एक गोष्ट दिसत नव्हती: जे सोडून गेले ते. २००४ साली आमच्या बॅचमध्ये आम्ही चाळीस जण होतो, आज तिघं उरलोय. सदतीस जणांचं मत कुठल्याच स्तंभात नाही. हिरव्यात आम्ही तिघं आहोत, आणि साडेनऊचा कॉल आमच्यापैकीच एक जण लावतो.