अ‍ॅन फ्रँकची डायरी: बॉलपेनचा घोळ आणि खऱ्या विसंगती

अ‍ॅन फ्रँकची डायरी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींपासून लपून राहिलेल्या ज्यू मुलीची रोजनिशी, बनावट असल्याचा आरोप अजूनही अधूनमधून डोकं वर काढतो. पुरावा ठरलेला: बॉलपेन. १९८० साली पश्चिम जर्मनीच्या केंद्रीय गुन्हे अन्वेषण खात्याने जेमतेम चार पानी अहवाल दिला. सुट्या कागदांवरच्या काही दुरुस्त्या बॉलपेनच्या आहेत आणि ती शाई १९५१ नंतरची, असं त्यात म्हटलं होतं. अ‍ॅन तर १९४५ मध्येच छळछावणीत वारली. दुरुस्त्या नेमक्या कुठल्या पानावर, हे मात्र अहवालात नव्हतंच. ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाने बातमी छापली आणि व्हायचा तो गवगवा झाला.

त्याच वर्षी अ‍ॅनचे वडील ओटो वारले. त्यांच्या इच्छेनुसार हस्तलिखितं डच युद्ध दस्तऐवज संस्थेकडे गेली. तिथे कागद, शाई, डिंक, अक्षर, सगळ्याची कसून तपासणी झाली. १९८६ च्या चिकित्सक आवृत्तीतला निष्कर्ष असा, की बॉलपेनचं लिखाण आहे ते कागदांत राहिलेल्या दोन चिठोऱ्यांवर. आणि ते अक्षर डायरीतल्या अक्षराहून ठळकपणे वेगळं आहे. पुढे १९८७ मध्ये एका जर्मन गृहस्थांनी सांगितलं, की आधीच्या एका खटल्यासाठी डायरी तपासणाऱ्या तज्ज्ञांसोबत काम करणाऱ्या आपल्या आईने ते लिहिलं होतं. २००६ मध्ये जर्मन खात्यानेही सांगून टाकलं, की आमच्या अहवालावरून डायरीच्या खरेपणावर शंका घेता येणार नाही.

माझ्या मते बॉलपेनपेक्षा मजकुरातल्या विसंगती जास्त बोलक्या आहेत. २० जून १९४२ च्या नोंदीतली समज तेरा वर्षांच्या मुलीची वाटत नाही, हा आक्षेप घ्या. वाटत नाही, कारण ती नोंद तेव्हाची नाहीच. २८ मार्च १९४४ ला लंडनहून डच मंत्री बोल्केस्टाइन यांनी रेडिओवर आवाहन केलं, की युद्धकाळातल्या डायऱ्या आणि पत्रं जपून ठेवा. त्यानंतर मे महिन्यात अ‍ॅनने पुस्तक काढायच्या इराद्याने सुट्या कागदांवर पुनर्लेखन सुरू केलं. जुन्या तारखा ठेवल्या, मजकूर कापला, वाढवला. सोबत लपलेल्यांसाठी टोपणनावांची यादीही तिनेच केली. १९४७ चं पुस्तक ओटोंनी या दोन्ही लेखनांतून निवड करून बांधलं. एकाच दिवसाचे दोन मजकूर जुळत नाहीत यात मग नवल कसलं? बनावट करणारा असली उघडी फट ठेवेल का?

अडचण आहे ती वेगळीच. डिसेंबर १९४२ ते डिसेंबर १९४३ या काळातल्या मूळ वह्या सापडलेल्याच नाहीत. त्या वर्षापुरतं तिचं पुनर्लेखनच काय ते हाती आहे, आणि ते पडताळून पाहायला मूळ नाही.