घोडा गेला, चाप राहिला: लपवून बाळगायच्या पिस्तुलाची पार्श्वभूमी

मराठीत आपण 'घोडा दाबला' म्हणतो, पण बोट असतं चापावर. घोडा म्हणजे मागच्या बाजूला उभा राहून पुढे आदळणारा, हातोडीसारखा तुकडा. अमेरिकेत कपड्याखाली बाळगायच्या पिस्तुलांमधून हा घोडा हळूहळू दिसेनासा झाला आणि त्याचं सगळं काम चापावर येऊन पडलं. चाप जड हवा की हलका, लांब ओढीचा की आखूड, हा वाद तिथून आला. वाद मुळात अमेरिकेचाच. आपल्याकडे 9 मिमी बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) शस्त्र सामान्य नागरिकाला सहसा परवान्यावर मिळत नाही, परवानाधारकाकडे बहुधा .32 (इंच) बोअरचं शस्त्र असतं.

सुरुवात आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरपासून. कोल्टचं डिटेक्टिव्ह स्पेशल 1927 चं, स्मिथ अँड वेसनचं चीफ्स स्पेशल 1950 चं. दोन्हींना अंगठ्याने लावायचा सेफ्टीचा खटका नाही. डबल अ‍ॅक्शनमध्ये चाप ओढला की घोडा मागे जातो, गोळ्यांची चक्री फिरते आणि शेवटी घोडा सुटतो. एवढं सगळं एका बोटाने करायचं म्हणून ओढ लांब, आणि ओढायला लागणारा जोर 10 ते 12 पौंड. ही जड ओढच सेफ्टी होती.

पण किंमत पाहा. याच घराण्यातलं अ‍ॅल्युमिनियम सांगाड्याचं मॉडेल 642 रिकामं असताना साधारण 425 ग्रॅम भरतं. 12 पौंड म्हणजे जवळपास साडेपाच किलो. शस्त्राच्या वजनाच्या बारा-तेरा पट जोर बोटाने लावायचा आणि तेवढ्यात नळी हलू द्यायची नाही. छोट्या पिस्तुलात नेम धरायची पुढची माशी आणि मागची खाच यांत 13 सेंमी अंतर धरलं, तर ओढताना माशी 1 मिमी सरकली की 7 मीटरवर गोळी साडेपाच सेंमी बाजूला जाते. मोठ्या पिस्तुलाचं स्वतःचं वजनच हात बरंचसं स्थिर ठेवतं. छोट्यात ती सोय नाही.

दुसरा रस्ता जॉन ब्राउनिंगने आखलेल्या '1911' नावाच्या पिस्तुलाचा. घोडा आधीच मागे ओढलेला, खटका लावलेला. चापाने फक्त तो सोडायचा. ओढ आखूड आणि स्वच्छ. नेम उत्तम, पण घोडा चढवलेलं शस्त्र कमरेला बघून अनेक पोलीस खात्यांच्या वरिष्ठांच्या पोटात गोळा येई. त्यावरचा मध्यममार्ग वॉल्थरने 1929 मध्ये पीपी पिस्तुलात लोकप्रिय केला: पहिली ओढ लांब-जड, पुढच्या हलक्या. स्मिथ अँड वेसनचं मॉडेल 39 (1955) आणि अमेरिकी लष्कराने 1985 मध्ये घेतलेलं बेरेटा एम9 याच घडणीची. याची खोड ठरलेली: पहिली गोळी ओढीच्या जोराने खाली जाते, दुसरी वेळेआधीच सुटते. एका शस्त्रात दोन चाप शिकावे लागतात, आणि गोळीबारानंतर घोडा खाली न उतरवताच पिस्तूल म्यानात गेलं तर आत हलका चाप तयार बसलेला असतो.

1982 मध्ये ऑस्ट्रियन लष्करासाठी आलेल्या ग्लॉक 17 ने हा प्रश्नच उडवला. घोडा नाही, आत स्ट्रायकर, म्हणजे काडतुसावर आदळणारी स्प्रिंगची सुई, तीही अर्धवट ताणलेली. उरलेला ताण चाप पुरा करतो. ओढ दर वेळी तीच, साधारण साडेपाच पौंड. चापाच्या मधोमध एक पातळ जीभ, ती दाबल्याशिवाय चाप मागे जात नाही. बाहेर खटका नाही. 1986 च्या मायामीतल्या चकमकीत एफबीआयचे दोन एजंट मारले गेल्यावर अमेरिकी पोलिसांचा रिव्हॉल्व्हरकडून पिस्तुलाकडे जाण्याचा वेग वाढला, तेव्हा ग्लॉक तयारच होतं.

सगळ्यांना हे पटलं नाही. न्यू यॉर्क शहराच्या पोलिसांनी 1993 पासून पिस्तुलं स्वीकारली, पण चाप मुद्दाम 12 पौंडांचा मागितला, रिव्हॉल्व्हरची सवय असलेल्या बोटांसाठी. 2012 मध्ये एम्पायर स्टेट इमारतीसमोर दोन पोलिसांनी 16 गोळ्या झाडल्या, त्यांत वाटेने जाणारे नऊ जण गोळ्या वा उडालेले तुकडे लागून जखमी झाले. जड चापाने नेम बिघडतो हा आक्षेप तेव्हा उघडपणे पुढे आला. सगळा दोष चापाचा म्हणणं सोपं आहे. सराव किती, हाही प्रश्न होताच.

दरम्यान फ्लोरिडाने 1987 मध्ये शस्त्र लपवून बाळगायचा परवाना सहज मिळेल असा कायदा केला आणि इतर राज्यं त्या वाटेने गेली. 1994 च्या संघीय कायद्याने नव्या मॅगझिनला दहा गोळ्यांची मर्यादा घातली. दहाच बसवायच्या तर पिस्तूल मोठं कशाला? छोटं ग्लॉक 26 त्याच सुमाराचं.

ग्राहकाला काय हवं ते रुगरच्या एका मॉडेलवरून कळतं. 2011 चं एलसी9 पातळ, हलकं, पण आत लपवलेला घोडा आणि खूप लांब ओढ. तक्रार एकच: चाप. 2014 मध्ये एलसी9एस आलं, त्यात स्ट्रायकर आणि आखूड ओढ. 2018 च्या सिग पी365 ने छोट्या पिस्तुलात दहा गोळ्या आणि बऱ्यापैकी चाप दोन्ही दिलं. मग सपाट चापाची फॅशन आली. त्यावर बोट थोडं खाली टेकतं, तरफ लांब होते, तेवढीच ओढ हलकी वाटते.

हलकेपणाला मर्यादा आहे, हे 2017 मध्ये सिगच्याच पी320 ने दाखवलं. पिस्तूल मागच्या बाजूवर विशिष्ट कोनात पडलं की चापाचा जड तुकडा स्वतःच्या जडत्वाने मागे सरकत राही आणि गोळी सुटे. कंपनीने स्वेच्छेने दुरुस्ती देऊ केली: हलका चाप, हलका स्ट्रायकर आणि सिअर (स्ट्रायकरला अडवून धरणारा तुकडा), शिवाय एक वेगळा डिसकनेक्टर (चापाचा दुवा तोडणारा भाग). ओढ हलकी असू दे, चापाचा तुकडाही हलकाच लागतो.

पिस्तूल पोटाच्या पुढच्या बाजूला, बेंबीखाली खोचायची पद्धत वाढल्यावर म्यानात घालण्याचा क्षण महत्त्वाचा झाला. शर्टाचं टोक किंवा जॅकेटची दोरी चापाच्या कड्यात अडकली तर तीही ती पातळ जीभ दाबते. जिभेला बोट आणि कापड यांतला फरक कळत नाही. घोडेवाल्या पिस्तुलात अंगठा घोड्यावर ठेवून आत घालता येतं, तो हलला की लगेच थांबता येतं. म्हणून काही जण पुन्हा घोड्याकडे वळले. काहींनी ग्लॉकच्या स्लाइडची (वरच्या सरकत्या भागाची) मागची पट्टी काढून बिजागरीची पट्टी बसवली. चाप ओढला जाऊ लागला की ती बाहेर येते आणि अंगठ्याने दाबून धरली की चाप पुढे जात नाही.