जेरी राइसला सोडलं तेव्हा

अमेरिकी फुटबॉलमध्ये मार्च महिना आला की एक प्रश्न हमखास निघतो. तिशी उलटलेला, लोकांचा लाडका रिसीव्हर, म्हणजे क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू धावत जाऊन झेलणारा गडी, करार संपवून मोकळा झालेला असतो. त्याला ठेवायचं की जाऊ द्यायचं? वाद वयाचा वाटतो. खरं तर तो पैशाचा आहे, आणि तोही 1993-94 नंतरचा. त्याआधी खेळाडूला स्वतःहून संघ बदलणं फार अवघड होतं. 1993 साली करार संपलेल्यांना मोकळीक मिळाली, आणि 1994 पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चावर मर्यादा आली. पहिल्या वर्षी ती 3 कोटी 46 लाख डॉलर होती. तेव्हापासून एकाला जास्त द्यायचं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातलं काढायचं.

या नियमाचा चटका सगळ्यात ठसठशीत दिसला तो सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्समध्ये, जेरी राइसच्या बाबतीत.

राइस मिसिसिपीतल्या गवंड्याचा मुलगा. वडिलांच्या हाताखाली उन्हाळ्यात विटा झेलून हात तयार झाले, असं तो स्वतःच सांगत आला आहे. 1985 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी न्यू इंग्लंड संघाशी सौदा करून वरचा क्रमांक मिळवला आणि सोळाव्या क्रमांकावर त्याला घेतलं. पुढे तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाचे अंतिम सामने, जिंकले. 1987 साली संपामुळे त्याला 12 सामनेच खेळायला मिळाले, त्यात त्याने 22 टचडाउन झेलले, म्हणजे इतक्या वेळा चेंडू गोलरेषेपलीकडे पोहोचवून गुण मिळवले. 1995 मध्ये झेल घेऊन एकूण 1,848 यार्ड अंतर काटलं. हा विक्रम 2012 पर्यंत कोणाला मोडता आला नाही.

मग 1997 च्या पहिल्याच सामन्यात गुडघा गेला. डिसेंबरात घाईने परतला, तर त्याच पायाची वाटी फुटली. 1998 मध्ये पुन्हा हजार यार्ड ओलांडले खरे, पण 1999 ला 830 आणि 2000 ला 805.

एवढ्यावर त्याला काढलं असतं का? मला नाही वाटत. संघाने नव्वदच्या दशकात मोठमोठे करार जुळवताना बोनसची रक्कम मर्यादेच्या हिशेबात पुढच्या वर्षांत वाटून टाकली होती. आजचं मरण उद्यावर. तो उद्या 1999 मध्ये उजाडला: 4 विजय, 12 पराभव. पुढच्या वर्षी 6-10. क्वार्टरबॅक स्टीव्ह यंग डोक्याला वारंवार मार बसून निवृत्त झाला होता. व्यवस्थापक म्हणून परतलेल्या वॉल्श यांनी जुनी, महागडी नावं कमी करायला घेतली. ज्यांनी राइसला आणलं, त्यांच्याच कारकिर्दीत त्याच्या जाण्याचं घाटलं. या संघाला हे नवं नव्हतं. बचावफळीतला तारा रॉनी लॉट 1991 मध्ये गेला, खुद्द क्वार्टरबॅक जो मोंटानाला 1993 मध्ये कॅन्सस सिटीला धाडलं. भावनेवर संघ चालवणारी ही माणसंच नव्हेत.

17 डिसेंबर 2000 ला शिकागोविरुद्ध घरच्या मैदानावरचा राइसचा शेवटचा सामना. निरोप त्याचा, आणि त्याच्याच संघातल्या, 1996 च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत घेतलेल्या टेरेल ओवेन्स या रिसीव्हरने 20 झेल घेतले, 283 यार्ड. एका सामन्यातल्या झेलांचा 50 वर्षांचा विक्रम त्या दिवशी मोडला. लग्न एकाचं आणि वरात दुसऱ्याची!

प्रत्यक्ष मुक्तता मात्र जून 2001 मध्ये झाली, आणि जून हा योगायोग नव्हता. करार मोडला की बोनसचा उरलेला हिशेब एकदम त्या वर्षाच्या मर्यादेत येऊन पडतो. 1 जूननंतर सोडलं तर तो दोन वर्षांत विभागता येतो.

राइस खाडी ओलांडून ओकलंडच्या रेडर्समध्ये गेला. वय 38. त्या मोसमात 83 झेल, 1,139 यार्ड. पुढच्या मोसमात 92 झेल, 1,211 यार्ड, आणि जानेवारी 2003 च्या सुपर बोलमध्ये, हरलेल्या संघाकडून का होईना, चाळिशीत टचडाउन.

म्हणजे फॉर्टीनाइनर्स चुकले? त्यांनी राइसविना 2001 मध्ये 12 सामने जिंकले आणि ओवेन्सने 16 टचडाउन केले. राइस संपला नव्हता, आणि तरी त्याला सोडणं बरोबर होतं. ही दोन वाक्यं एकत्र पचवणं चाहत्यांना जड जातं.

उलट उदाहरणंही झाली. 2009 मध्ये कोल्ट्स संघाने 36 वर्षांच्या मार्विन हॅरिसन या रिसीव्हरला मुक्त केलं. तो पुन्हा एकही सामना खेळला नाही. ॲरिझोना संघाने रिसीव्हर लॅरी फिट्झजेराल्डला शेवटी एकेका वर्षाचे करार देत 2020 पर्यंत राखलं. 2017 मध्ये, 34 व्या वर्षी त्याने 109 झेल घेतले होते, त्यामुळे तिथे घासाघीस फारशी झाली नसावी.

राइसचा शेवटचा करार 2006 मधला. फॉर्टीनाइनर म्हणून निवृत्त होता यावं म्हणून एका दिवसापुरता केलेला, 19,85,806.49 डॉलरचा. त्यात 1985 हे ड्राफ्टचं साल, 80 हा जर्सीचा आकडा, 06 हे निवृत्तीचं वर्ष आणि 49 संघाचं नाव. यातला एक सेंटही त्याला द्यायचा नव्हता.