वर्गातले गुण, कोर्टातली हजेरी : कायद्याच्या विद्यार्थ्यांच्या कामगिरीची पार्श्वभूमी

विधी महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात अलीकडे विद्यापीठातल्या क्रमांकांच्या बरोबरीने मूट कोर्टातली, म्हणजे काल्पनिक खटल्यावरच्या युक्तिवाद स्पर्धांतली पारितोषिके, इंटर्नशिप, विधी साहाय्य शिबिरे आणि क्वचित एखादी जनहित याचिकाही छापलेली असते. शंभर वर्षांपूर्वी यातले काहीच छापले गेले नसते. कायद्याचा अभ्यास पुस्तकावर आणि वकिलीचे शिक्षण एखाद्या ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत, अशी वाटणी तेव्हा ठरून गेली होती. ही वाटणी कधी आणि कशी मोडली, त्याची ही हकीकत.

मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय 1855 चे. सर अर्स्किन पेरी यांच्या सन्मानार्थ सुरू झालेल्या न्यायशास्त्राच्या अध्यासनातून ते उभे राहिले. पुण्यात 1923 मध्ये इंडियन लॉ सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिचे लॉ कॉलेज. ज्या रस्त्याला आज सारे पुणे ‘लॉ कॉलेज रोड’ म्हणते त्याचे नाव तिथून आले. कोल्हापूरचे शहाजी लॉ कॉलेज 1933 चे. कायद्याचे वर्ग बहुधा सकाळी किंवा संध्याकाळी भरत, कारण शिकणारा दिवसा नोकरी करी आणि शिकवणारा दिवसा कोर्टात असे. ‘टर्म भरणे’ हा शब्द तेव्हाचा. इंग्लंडला बॅरिस्टर व्हायला जाणाऱ्यांच्या टर्म तर ‘इन’मध्ये, म्हणजे तिथल्या बॅरिस्टरांच्या संस्थेत, ठरावीक वेळा जेवून भरत. त्या मानाने आपल्याकडचे वर्ग बरेच म्हणायचे.

या चौकटीत विद्यार्थ्याची कामगिरी म्हणजे परीक्षेचा निकाल, एवढेच. टिळक 1879 मध्ये एलएल.बी. झाले आणि वकिली न करता शिक्षण व वृत्तपत्राकडे वळले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कॉर्नेलिया सोराबजींची तितकी नाही. जन्म 1866 चा, नाशिकचा. शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. ऑक्सफर्डला कायदा शिकायला गेलेल्या त्या पहिल्या महिला. 1892 मध्ये बी.सी.एल. या कायद्याच्या पदवीची परीक्षा त्यांनी दिली. पण स्त्रियांना पदवी देण्याची पद्धतच तिथे नव्हती, म्हणून पदवी हातात पडली ती 1922 मध्ये. मधल्या काळात 1897 ला मुंबई विद्यापीठाची एलएल.बी.ची परीक्षा आणि 1899 ला अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही त्यांनी दिली. तरीही स्त्रियांना वकिलीची मुभा देणारा कायदा 1923 मध्ये झाला तेव्हाच त्यांची वाट मोकळी झाली. परीक्षा एकीकडे, कोर्टाचा दरवाजा दुसरीकडे आणि मध्ये एकतीस वर्षे.

शिक्षण बदलायला हवे हे लोकांना कळत नव्हते असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1935 ते 1938 या काळात शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. मुंबई इलाख्यातल्या कायदेशिक्षणाच्या सुधारणेवरचा त्यांचा निबंध 1936 मध्ये महाविद्यालयाच्याच नियतकालिकात आला. त्यानंतरही अनेक दशके वर्ग तसेच सकाळ-संध्याकाळचे राहिले.

1961 च्या अधिवक्ता कायद्याने वकील, प्लीडर, मुखत्यार हे जुने भेद संपवून ‘अधिवक्ता’ हा एकच वर्ग केला आणि शिक्षणाचा दर्जा ठरवण्याचे काम भारतीय विधिज्ञ परिषदेकडे, म्हणजे बार कौन्सिलकडे दिले. सुरुवातीला सनदेपूर्वी प्रशिक्षण घेण्याची अट होती; 1973 च्या दुरुस्तीने ती गेली. पदवी मिळाली की सनद आणि सनद मिळाली की कोर्ट. उणीव लगेच दिसू लागली. 1994 च्या अहमदी समितीने मूट कोर्ट आणि अभिरूप खटले सक्तीचे करा असे सुचवले. बार कौन्सिलने 1995 मध्ये सनदेपूर्वीच्या एका वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले. सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुदीर खटल्यात 1999 मध्ये ते रद्द केले, कारण अशी अट घालण्याचा अधिकार कायद्याने परिषदेला दिलेलाच नव्हता. आजच्या अभ्यासक्रमाचा आकार समजून घ्यायचा तर हा निकाल लक्षात ठेवावा लागतो. पदवीनंतर प्रशिक्षण लादता येत नाही म्हटल्यावर ते पदवीच्या आत कोंबण्याखेरीज मार्ग उरला नाही.

आत कोंबण्याची सुरुवात 1997 मध्ये झाली होती. तेव्हा चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे झाले : मूट कोर्ट व खटलापूर्व तयारी, मसुदालेखन, व्यावसायिक नीती, आणि जनहित वकिली व विधी साहाय्य. 2008 च्या नियमांनी आराखडा पक्का केला. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला 20 आठवडे इंटर्नशिप, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. वर्गात 70 टक्के हजेरी. मूट कोर्टाच्या विषयाचे 100 गुण असे वाटलेले : तीन मूटचे 30 (प्रत्येकी पाच लेखी निवेदनाला, पाच तोंडी युक्तिवादाला), एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष पाहून लिहिण्याचे 30, पक्षकाराची मुलाखत व दावा दाखल करण्याची प्रक्रिया पाहून लिहिलेल्या रोजनिशीचे 30 आणि तोंडी परीक्षेचे 10.

कागदावर हे चोख आहे. फसते कुठे, ते खटला पाहण्याच्या भागात आधी दिसते. विद्यार्थी कोर्टात जातो, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी पाहतो, समोरची पहिली केस निवडतो आणि तीन खेपांत त्याला फक्त ‘पुढील तारीख’ ऐकू येते. मग सबमिशनच्या आदल्या रात्री मित्राची फाइल उतरवली जाते. उपाय अवघड नाही. निघण्यापूर्वी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर केसचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकून टप्पा बघावा, आणि पुरावा नोंदवण्याच्या टप्प्यावरची, शक्यतो सरतपास (साक्षीदाराला त्याच्याच बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न) संपून उलटतपास (विरुद्ध बाजूचे प्रश्न) सुरू होणारी केस निवडावी. तिथे बसले की पुस्तकात न सापडणारी गोष्ट कानावर पडते. वकील विचारतो, “तुम्ही आरोपीशी वैर असल्याने खोटं सांगताय, बरोबर?” साक्षीदार “नाही” म्हणतो. न्यायाधीश लेखनिकाला सांगतात, “हे म्हणणे खरे नाही की, आरोपीशी वैर असल्याने मी खोटी साक्ष देत आहे.” नवख्या विद्यार्थ्याला ही वाक्यरचना विचित्र वाटते. पण बचाव पक्षाने आपली भूमिका साक्षीदारासमोर मांडली, याची नोंद तीच असते. ती नसेल, तर अंतिम युक्तिवादात ‘हे तुम्ही साक्षीदाराला विचारलेच नाही’ हे ऐकून घ्यावे लागते. इंग्रजीत शिकलेला पुरावा कायदा आणि मराठीत चालणारे तालुक्याचे कोर्ट यांची गाठ पडते ती इथे.

मूट कोर्टाची गोष्ट वेगळी, कारण तिथे उतरवून भागत नाही. जेसप ही आंतरराष्ट्रीय कायद्याची स्पर्धा 1960 मध्ये हार्वर्डला सुरू झाली. बंगळूरचे नॅशनल लॉ स्कूल, ज्याचे वर्ग 1988 मध्ये एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले, त्याने ती 1999 आणि 2013 मध्ये जिंकली. पहिला विजय वर्ग सुरू झाल्यापासून अकराव्या वर्षीचा. भारतात मूटकडे गांभीर्याने पाहिले जाऊ लागले त्यात या विजयाचा वाटा मोठा आहे.

मूटमध्ये एकाच संघाने दोन्ही बाजूंचे लेखी निवेदन, म्हणजे मेमोरियल, तयार करायचे असते. त्याचा क्रम ठरलेला : आधारांची सूची, अधिकारक्षेत्र, वस्तुस्थिती, उपस्थित होणारे मुद्दे, युक्तिवादाचा सारांश, युक्तिवाद आणि शेवटी विनंती. चुकाही ठरलेल्याच. घटनेचे अनुच्छेद 32 (थेट सर्वोच्च न्यायालयात), 226 (उच्च न्यायालयात) आणि 136 (विशेष परवानगीने सर्वोच्च न्यायालयात अपील) यांपैकी कोणत्या दारातून आलो आहोत हेच चुकते. वस्तुस्थितीत युक्तिवाद घुसतो. निकालाचा मथळा वाचून दाखला दिला जातो आणि परीक्षक विचारतात, हे बहुमताचे मत की विरोधी न्यायाधीशाचे? सर्वांत लाजिरवाणी चूक शेवटी असते : जी विनंती केली तिच्यावर आधी एक ओळही लिहिलेली नाही. तोंडी फेरीत जेसपमध्ये एका बाजूला 45 मिनिटे मिळतात, ती दोन वक्त्यांनी वाटून घ्यायची आणि प्रत्युत्तराला लागणारी मिनिटेही त्यातूनच राखायची. प्रश्नाला “त्या मुद्द्यावर मी नंतर येतो” असे उत्तर देणारा बहुतेक वेळा त्या मुद्द्यावर येतच नाही, वेळ संपते. पाठांतर करून आलेला तिसऱ्या प्रश्नाला कोसळतो, आणि दुसऱ्या बाजूचे मेमोरियलही मनापासून लिहिलेला तरून जातो, कारण प्रश्न त्याच बाजूचे असतात.

विधी साहाय्याचा इतिहास मात्र उलट दिशेने गेला. न्या. कृष्ण अय्यर समितीचा 1973 चा अहवाल, 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने आलेले अनुच्छेद 39अ, न्या. भगवती आणि न्या. कृष्ण अय्यर यांचा 1977 चा अहवाल, या सगळ्यांतून मोफत विधी साहाय्याची चौकट तयार झाली आणि तिच्यात विद्यार्थ्यांनाही जागा मिळाली. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987 चा, अमलात आला 9 नोव्हेंबर 1995 रोजी. म्हणूनच 9 नोव्हेंबरला महाविद्यालयांत विधी सेवा दिनाचे फलक लागतात. 1997 मध्ये विधी साहाय्याला स्वतंत्र सक्तीचा विषय मिळाला. 2008 च्या नियमांतल्या चार सक्तीच्या प्रात्यक्षिक विषयांत त्याच्या जागी पर्यायी तंटा निवारण आले. साहाय्य केंद्र चालवणे महाविद्यालयाला बंधनकारक राहिले, पण सक्तीचा विषय आणि त्याचे गुण गेले. आज बरीच केंद्रे पाटीपुरती उरली आहेत, त्याचे एक कारण हे असावे असे आम्हाला वाटते.

दुसरे कारण कायद्याचे आहे. अमेरिकेत देखरेखीखाली विद्यार्थ्याला कोर्टात उभे राहू देणारे नियम आहेत. आपल्याकडे तसा सरसकट नियम नाही. म्हणून केंद्रातल्या विद्यार्थ्याच्या हाती उरते ते सल्ला, अर्ज आणि पाठपुरावा. तेही नीट केले तर थोडे नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 प्रमाणे स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतील व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तरी पोटगीसाठी आलेल्या बाईकडे उत्पन्नाचा दाखला मागणारे विद्यार्थी दर वर्षी सापडतात. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयापुरता आणि 150 शब्दांत बसवायचा असतो. शिबिरात लिहून दिलेल्या अर्जात रेशनकार्ड, सातबारा आणि रस्ता हे तिन्ही आले, की तो परत येण्याला निमित्त मिळते. तीन विषय, तीन अर्ज, प्रत्येकी दहा रुपये.

वर्गाबाहेरची सर्वांत मोठी फळे मात्र कोणत्याही गुणपत्रिकेत बसणारी नव्हती. इंटर्नशिप सक्तीची झाली, विद्यार्थी दिल्लीला जाऊ लागले, आणि सोमवारी व शुक्रवारी, म्हणजे नव्या प्रकरणांच्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या दालनांत इंटर्नना प्रवेश नाही हे त्यांना दारात कळू लागले. जोधपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा विद्यार्थी स्वप्निल त्रिपाठी याने याविरुद्ध याचिका केली. त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालाने सुनावण्यांच्या थेट प्रक्षेपणाला तत्त्वतः मान्यता दिली, आणि 27 सप्टेंबर 2022 पासून घटनापीठाच्या सुनावण्या घरबसल्या दिसू लागल्या. दालनात उभे राहायला जागा मिळावी या मागणीतून हे निघाले.

मुंबईतल्या आरे वसाहतीतल्या झाडांचे प्रकरण मुंबईकरांना आठवत असेल. 4 ऑक्टोबर 2019 रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री मेट्रो कारशेडसाठी झाडे तोडणे सुरू झाले. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पाठवलेले पत्र सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून जनहित याचिका म्हणून नोंदवले आणि दसऱ्याच्या सुट्टीत, 7 तारखेला विशेष पीठ बसवून तोड थांबवली. तोवर कामापुरती झाडे पडून गेली होती. तसे सरकारी बाजूने त्या दिवशी सांगितलेही. पत्रावर दाद मिळण्याची परंपरा जिवंत आहे हे यातून दिसले, आणि स्थगितीच्या बाबतीत तीन रात्रींचा उशीर काय करतो तेही.

पदवी आणि कोर्ट यांच्यामधले अंतर अलीकडे पुन्हा वाढले आहे. सनदेनंतरची अखिल भारतीय बार परीक्षा 2011 मध्ये सुरू झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना ती देण्याची वाट खुली केली. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी नव्या पदवीधरांना 2002 पासून मिळालेली मोकळीक 20 मे 2025 च्या निकालाने संपली आणि तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. ही तीन वर्षे तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजतात. दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचा दाखला लागतो आणि त्यावर तिथल्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही. पदवीनंतर न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम यात धरले जाते. विद्यार्थिदशेतली वीस आठवड्यांची इंटर्नशिप नाही.