उणे ३० अंशांत उघड्यावरची गाडीदुरुस्ती

कॅनडातील विनिपेग, सास्काटून किंवा एडमंटन या शहरांत निवासी इमारतींच्या वाहनतळावर गाड्यांसमोर ओळीने विजेचे सॉकेट बसवलेले दिसतात. ते पेट्रोलच्या गाड्यांसाठी असतात आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या रस्त्यावर येण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. गाडीच्या बंपरखालून बाहेर आलेली वायर रात्री त्या सॉकेटला जोडली, की इंजिनात बसवलेला साधारण ४०० ते १००० वॉटचा हीटर आतले कूलंट (इंजिनात फिरणारा, त्याला थंड ठेवणारा द्रव) उबदार ठेवतो. अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्यातील अँड्र्यू फ्रीमन यांनी इंजिनाच्या एका बोल्टच्या जागी बसणाऱ्या अशा हीटरचे पेटंट १९४९ मध्ये मिळवले. जिथे जानेवारीतल्या रात्रीचे सरासरी तापमानच उणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि थंडीची लाट आली की ते उणे ३५ पर्यंत सहज घसरते, तिथे या हीटरला कोणी चैन म्हणत नाही.

एवढी तयारी असूनही गाड्या बंद पडतातच. गॅरेजमधील मजुरी तिथे तासावर मोजली जाते आणि ती बरीच असते. त्यामुळे स्वतःचे बंदिस्त गॅरेज नसलेले अनेक लोक, आणि त्यांत नोकरीनिमित्त तिकडे जाऊन भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी मराठी कुटुंबेही आली, बॅटरी बदलणे किंवा स्टेपनी लावणे अशी कामे उघड्या वाहनतळावर स्वतःच करतात. पुण्यात किंवा कोल्हापुरात गल्लीतला मेकॅनिक जे काम दहा मिनिटांत हातावेगळे करतो, त्याला तिथे तास लागू शकतो, कारण त्या तापमानाला गाडीतला जवळजवळ प्रत्येक पदार्थ वेगळा वागू लागतो आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हातही त्याला अपवाद नसतो. अशा वेळी पाना हातात घेण्याआधी उष्णतेचा हिशेब मांडावा लागतो : काय गरम ठेवायचे, किती वेळ, आणि कोणत्या क्रमाने.

या हिशेबात पहिला घोळ वाऱ्यामुळे होतो. हवामानाच्या बातम्यांत प्रत्यक्ष तापमानासोबत वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या गारठ्याचाही आकडा देतात. पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या अमेरिकी संशोधकांनी अंटार्क्टिकात पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजून या कल्पनेचा पाया घातला, आणि कॅनडा व अमेरिकेत आज वापरले जाणारे सूत्र २००१ मध्ये स्वीकारले गेले. त्या सूत्रानुसार तापमान उणे २५ असताना ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा सुटला, तर उघड्या त्वचेला ते उणे ३९ असल्यासारखे जाणवते आणि १० ते ३० मिनिटांत त्वचा गोठण्याचा धोका निर्माण होतो. गाडीचे तापमान मात्र उणे २५ च्या खाली जाऊच शकत नाही. वाऱ्यामुळे ती तिथवर लवकर पोचते, इतकेच. म्हणजे ऑइल आणि कूलंट निवडताना थर्मामीटरवरचा आकडा पाहायचा आणि स्वतःचे हात सांभाळताना गारठ्याचा. गाडी ढकलून भिंतीच्या आडोशाला नेली किंवा वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री ताणली, तर दुरुस्तीला मिळणारा वेळ दुप्पट होऊ शकतो.

हाताबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घाई तिथेच नडते. उणे ३० अंशांवर असलेला पोलादी पाना आणि त्याच्या शेजारी पडलेली लाकडी फळी यांचे तापमान सारखेच असते, पण पोलाद लाकडाच्या शेकडो पट वेगाने उष्णता वाहून नेते आणि ॲल्युमिनिअम पोलादाच्याही कितीतरी पुढे असते. ओलसर बोट धातूला लागले की त्यावरचा ओलावा क्षणात गोठून बोट चिकटते. ते हिसका देऊन सोडवले तर कातडी निघते. कोमट पाणी ओतून सोडवावे लागते. बोटांच्या त्वचेचे तापमान साधारण १५ अंशांच्या खाली गेले, की नट चाचपून आट्यांवर बसवण्याइतके कौशल्य हातात उरत नाही, कारण शरीर आतली उष्णता राखण्यासाठी बोटांकडचा रक्तप्रवाह आकसून घेते. ब्रिटिश वैद्यकीय संशोधक थॉमस लुईस यांनी १९३० मध्ये दाखवून दिले की बोटे बर्फाच्या पाण्यात ठेवली असता काही मिनिटांनी रक्तवाहिन्या अधूनमधून पुन्हा उघडतात. ही शरीराची हुशारी खरी, परंतु तिच्या भरवशावर काम लांबवणे धोक्याचे असते.

अनुभवी माणसे पातळ लोकरी हातमोज्यांवर नायट्राइल रबरचे हातमोजे चढवतात. वारा अडतो, बोटांची हालचाल राहते आणि पेट्रोल त्वचेपर्यंत पोचत नाही. हा शेवटचा मुद्दा किरकोळ नाही. पेट्रोल उणे ३० ला गोठत नाही. ते तितकेच थंड द्रव म्हणून हातावर सांडते, लगेच उडू लागते, उडताना आणखी उष्णता ओढून घेते आणि काही क्षणांत त्वचेला इजा करते. हत्यारे आदल्या रात्री घरात ठेवलेली असावीत आणि बोनेटखाली एखादे जुने कापड पसरलेले असावे, कारण बर्फात पडलेला नट वसंत ऋतूतच सापडतो.

आता बॅटरी. थंडीत बंद पडलेल्या गाडीत पहिला संशय तिच्यावरच घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो खरा ठरतो. गास्ताँ प्लाँते यांनी १८५९ मध्ये तयार केलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचेच हे सुधारलेले रूप आहे, आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा सेल्फ आल्यापासून इंजिन फिरवण्याचे काम बॅटरीकडे आहे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि कडाक्याच्या थंडीतही हा आकडा फारसा हलत नाही. त्यामुळे मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचे उपकरण) लावून बॅटरी ठीक असल्याचा निर्वाळा देणारे फसतात (शिवाय मीटरचा पडदाही गारठून इतका मंद होतो की आकडा उमटायची वाट पाहावी लागते). बदल होतो तो प्रवाह देण्याच्या क्षमतेत. बॅटरीतल्या थंड गंधकाम्लातून आयन (विद्युतभारित कण) सावकाश सरकतात, प्लेटांवरची रासायनिक क्रिया मंदावते आणि उणे १८ अंशांच्या सुमारास बॅटरीची ताकद निम्म्यावर येते.

नेमकी त्याच वेळी इंजिनाची मागणी वाढलेली असते. ५डब्ल्यू-३० प्रतीचे ऑइल गरम इंजिनात पाण्याच्या साधारण दहापट दाट असते. त्याच ऑइलला उणे ३० अंशांवर पाण्याच्या ६६०० पटींपर्यंत दाट होण्याची मुभा प्रमाणित नियमांत दिलेली आहे. खनिज तेलात मेणासारखे घटक असतात आणि डिसेंबरात आपल्याकडे बाटलीतले खोबरेल थिजते तसे ते थिजू लागतात, म्हणून तिकडे कृत्रिम ऑइल पसंत करतात. निम्म्या ताकदीच्या बॅटरीने कित्येक पट जड झालेले इंजिन फिरवायचे, असा हा सामना असतो. तो लक्षात घेऊनच तिथल्या बॅटऱ्यांवर, उणे १८ अंशांना १२ व्होल्टची बॅटरी ७.२ व्होल्टच्या खाली न जाता ३० सेकंद किती अँपिअर प्रवाह देईल, हा आकडा छापलेला असतो. विकत घेताना नजर त्याच आकड्यावर असावी.

बॅटरी उतरलेली असेल तर आणखी एक संकट उभे राहते. वीज देताना गंधकाम्ल प्लेटांशी संयोग पावते आणि द्रावणात पाणी वाढत जाते. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतले द्रावण उणे ५० अंशांनाही द्रव राहते. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले द्रावण मात्र उणे १० च्या आसपासच गोठू लागते. बर्फ प्रसरण पावून प्लेटा वाकवतो आणि प्लास्टिकचे खोके फुगवतो. असे फुगीर खोके दिसले तर दुसऱ्या गाडीच्या बॅटरीतून वीज घेणारी जंपर केबल त्याला लावू नये, कारण गोठलेल्या बॅटरीत जबरदस्तीने प्रवाह सोडल्यास ती फुटून आम्ल उडू शकते. बॅटरी गोठलेली नसेल तर केबल जरूर लावावी, पण शेवटची ऋण जोडणी बॅटरीपासून दूर, इंजिनाच्या उघड्या धातूला करावी. बॅटरीजवळ साचलेल्या हायड्रोजनपासून ठिणगी लांब राहते.

बॅटरी बदलताना आधी ऋण टर्मिनल सोडवावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे, म्हणजे पाना चुकून गाडीच्या बॉडीला टेकला तरी शॉर्टसर्किट होत नाही. एरवी टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाणी आणि खाण्याचा सोडा वापरून धुतात. उणे ३० ला हा उपाय करू नये, कारण ते पाणी बॅटरीच्या ट्रेमध्येच गोठून बसते. तारेच्या ब्रशने कोरडेच घासावे. नवी बॅटरी शेवटच्या क्षणापर्यंत घरात ठेवावी. पंधरा किलोच्या आसपास वजनाची वस्तू चटकन गार होत नाही, म्हणून २० अंशांवरून आणलेली बॅटरी बसवून लगेच सेल्फ मारला तर ती जवळजवळ पूर्ण ताकद देते. नवी बॅटरी परवडत नसेल तेव्हा जुनीच रात्री काढून घरात नेण्याची रीत याच तत्त्वावर चालते.

प्लास्टिकचे भाग हा स्वतंत्र वैताग आहे. क्लिपा, झाकणे आणि बंपर यांसाठी सर्रास वापरले जाणारे पॉलिप्रोपिलीन शून्याच्या थोडे खाली गेले की लवचीकपणा सोडून ठिसूळ होते, आणि उन्हाळ्यात सहज निघणारी क्लिप कडकन मोडते. केस वाळवायचा ड्रायर वाहनतळावरच्या सॉकेटला लावून ती आधी ऊबवणे हा सोपा मार्ग आहे. लायटर किंवा ब्यूटेनवर चालणारी लहान टॉर्च यांवर विसंबू नये, कारण ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाखाली द्रवच राहतो आणि ज्योत पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू देत राहतो. इन्सुलेशन टेप चिकटत नाही, तीही खिशात ऊबवून ठेवावी.

चाक काढायचे असेल तर जॅक फळीवर ठेवावा. बर्फावर मीठ टाकून काही साधत नाही, कारण मिठाचे सर्वांत संपृक्त उपयोगी द्रावणही उणे २१ अंशांना गोठते, वाळू बरी. हायड्रॉलिक जॅकमधले तेल दाट झाल्याने तो सावकाश चढतो आणि सील आखडल्याने कधी आपोआप उतरतोही, त्यामुळे जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे कोणत्याही ऋतूत अयोग्य असले, तरी या ऋतूत ते जीवघेणे ठरू शकते. टायरमधली हवा कमी दिसली तर पंक्चरच असेल असे नाही : २० अंशांना ३२ पीएसआय भरलेला टायर उणे ३० ला सुमारे २४ दाखवतो.

ऊब मिळावी म्हणून ताडपत्रीचा बंद तंबू करून त्यात इंजिन चालू ठेवणे किंवा कोळशाची शेगडी पेटवणे मात्र कटाक्षाने टाळावे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट जखडला जातो. एक्झॉस्टचा पाइप बर्फाने बुजलेला नाही ना, हे गाडी सुरू करण्यापूर्वीच पाहावे.

काम आटोपल्यावर हत्यारे घरात आणली की त्यांच्यावर दव धरते आणि दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. मल्टीमीटर आणि मोबाइल तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच आत आणावेत, खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, आणि ड्रिलची लिथियम बॅटरी तर पूर्ण उबल्याशिवाय चार्जरला लावूच नये, कारण शून्याखाली चार्ज केल्यास तिच्यात धातुरूप लिथियमचे थर साचतात आणि ती कायमची खराब होते.