बुटक्या स्वारासाठी बोकड

कल्पित जगातल्या बुटक्या माणसांना चित्रकार हटकून लांडग्यावर बसवतात. चित्र झकास दिसतं. पण अशा लोकांसाठी खरोखरच पैदास करून एखादं वाहन घडवायचं ठरवलं, तर लांडगा पहिल्याच फेरीत बाद व्हावा, असं माझं मत आहे.

मुळात त्यांना वाहन लागेलच कशाला? चालताना आपलं शरीर टेकलेल्या पायावरून कमानीच्या रेषेत पुढे सरकतं. वेग फार वाढला की शरीराला त्या कमानीवर धरून ठेवायला गुरुत्वाकर्षण पुरत नाही आणि आपण पळू लागतो. ही मर्यादा पायाच्या लांबीवर ठरते. प्रत्यक्षात ती गाठण्याआधीच आपण पळू लागतो: 90 सेंटिमीटरच्या पायांना ही वेळ ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास येते, 40 सेंटिमीटरच्या पायांना ताशी पाच. उंच माणूस नुसता झपझप चालत असेल, तरी बुटक्याला त्याच्या शेजारी धावावं लागणार.

आता स्वाराचं वजन. 180 सेंटिमीटर उंचीचा माणूस 72 किलोचा असेल, तर त्याच बांध्याचा 90 सेंटिमीटरचा माणूस 36 किलोचा नसतो. उंची, रुंदी, जाडी तिन्ही निम्मी झाल्याने वजन एक-अष्टमांशावर, म्हणजे 9 किलोवर येतं. अर्थात एवढ्या उंचीची लहान मुलं 12-13 किलोची भरतात, कारण त्यांचा बांधा गुटगुटीत असतो. आपणही 13 धरू, खोगीर आणि सामानाचे 3. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या साधारण 20 टक्क्यांहून जास्त भार टाकू नये, असा ढोबळ नियम आहे. तोच लावला तर 80 किलोचा प्राणी पुरतो. अवाढव्य कुत्री एवढी भरतात आणि मोठ्या जातीचे बोकडही.

लहान जनावराला ओझं जास्त जड जाईल, ही शंका रास्त आहे. पण 1980 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदीर, कुत्री, माणसं आणि घोडे यांना वजन लादून पळवलं, तेव्हा सगळ्यांत एकच हिशेब दिसला: भार जितके टक्के, प्राणवायूचा खप साधारण तितकेच टक्के वाढतो. चाऱ्यात मात्र लहान जनावर थोडं महाग पडतं. शरीराचा ऊर्जाखर्च वजनाच्या पाऊणाव्या (3/4) घाताने, म्हणजे वजनापेक्षा सावकाश वाढतो, हे शास्त्रज्ञ मॅक्स क्लायबर यांनी 1932 मध्ये मांडलं. त्यानुसार 80 किलोच्या प्राण्याचा खर्च 500 किलोच्या घोड्याच्या सहाव्या हिश्श्याऐवजी चौथ्या हिश्श्याएवढा येतो.

खरी अडचण वजनाची नाहीच, पाठीची आहे. लांडगा किंवा कुत्रा भरधाव सुटला की त्याचा कणा प्रत्येक झेपेत दुमडतो आणि ताणला जातो. त्याच्या वेगाचं गमक तेच. पण खोगीर नेमकं त्या हलत्या भागावर येतं, आणि स्वार प्रत्येक झेपेला वर फेकला जातो. कुत्री गाडी ओढण्यात पटाईत असतात, तिथे कण्याला मोकळीक राहते. स्वारीसाठी ताठ पाठ हवी, आणि त्या बाबतीत खुरवाले प्राणी उजवे. शिवाय लांडग्याला मांस लागतं. बोकड वाटेतल्या झुडपावर भागवतो, फक्त रवंथ करायला वेळ द्यावा लागतो. तिबेटच्या पठारावर शेळ्या-मेंढ्यांच्या पाठीवरून मिठाच्या पिशव्यांची वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या झाली आहे.

घोड्याची कहाणीही पाठीशीच येऊन ठेपते. प्राचीन घोड्यांच्या डीएनएच्या 2021 मधल्या मोठ्या अभ्यासात, आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज रशियातल्या वोल्गा आणि डॉन या नद्यांच्या परिसरातून इसवी सनापूर्वी 2000 च्या सुमारास झपाट्याने पसरल्याचं दिसलं. त्यांच्यात ठळकपणे निवडली गेलेली दोन जनुकं होती: जीएसडीएमसी, ज्याचा संबंध पाठीच्या कण्याशी लागतो, आणि झेडएफपीएम1, ज्याचा संबंध भित्रेपणा आणि स्वभावाशी.

स्वभाव बदलायला किती काळ लागेल? आनुवंशिकीतज्ज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी 1959 मध्ये सैबेरियात चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. माणसाला कमी घाबरणाऱ्या कोल्ह्यांचीच पैदास करत गेल्यावर मोजक्या पिढ्यांत शेपटी हलवत जवळ येणारी पिल्लं जन्मली. (ते कोल्हे आधीच फर-पालन केंद्रांतले होते, ही गोष्ट सांगताना अनेकदा वगळली जाते.) शेळी तर आधीच माणसाळलेली. तिचा गर्भकाळ पाच महिन्यांचा, घोडीचा अकरा. एका माणसाच्या आयुष्यात बोकडाच्या बऱ्याच पिढ्या पार पडतील.

मग राहतात शिंगं. घोड्यावर बसणाऱ्याच्या तोंडासमोर मान असते, बोकडावर बसणाऱ्याच्या समोर दोन टोकं. सगळा कळप भुंडा करून टाकावा, असं कुणालाही वाटेल. इथेच शेळीची आनुवंशिकता आडवी येते. भुंडेपणाचा जनुकीय बदल प्रभावी आहे, एका पालकाकडून आला तरी शिंगं उगवत नाहीत. पण तो दोन्ही पालकांकडून आला, तर जनुकांनी मादी असलेल्या करडांची लैंगिक वाढ नराच्या दिशेने वळते आणि ती वांझ राहतात. भुंड्याला भुंडी देत गेलं की कळपातल्या माद्या आटत जातात. म्हणून पैदास करणाऱ्याला प्रत्येक जोडीत एक पालक शिंगवाला ठेवावा लागेल. त्यातून साधारण निम्मी करडं भुंडी निघतील, ती स्वारीला. उरलेली ओझ्याला, आणि दोन्हींतली निवडक पुढच्या पैदाशीला.